कंबर वाचवणारा ‘रोबो सूट’ घ्यावा का? रुग्णसेवा करणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

पाठीला यंत्र बांधलेली जपानी परिचारिका आजोबांना पलंगावरून अलगद उचलते आणि खुर्चीत बसवते, असे व्हिडिओ हल्ली मोबाइलवर सारखे फिरतात. ते पाहिले की रुग्णसेवेतली मंडळी विचारू लागतात, ‘हे आपल्याकडे मिळतं का? केवढ्याला? रोजच्या कंबरपट्ट्याऐवजी चालेल का? पैसे कोणी भरायचे?’ विचारणाऱ्यांत रुग्णालयातल्या सिस्टर, ब्रदर, वॉर्डबॉय असतात, वृद्धाश्रमातल्या मावशी असतात आणि नर्सिंग ब्यूरोमार्फत बारा तासांची पाळी करणाऱ्या ताईही असतात. मीरा-भाईंदरच्या उत्तन, पाली, चौक, डोंगरी या किनाऱ्याच्या गावांत आणखी एक मोठा वर्ग आहे. तो म्हणजे घरातल्या अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं सगळं करणाऱ्या लेकीसुनांचा. पावसाळी मासेमारीबंदीत घरात हात लावायला कोणीतरी असतं. बंदी उठून होड्या समुद्रात गेल्या की सासऱ्यांना कुशीवर वळवायला घरात बाई एकटीच उरते.

थोडक्यात उत्तर असं: उचलण्याची पद्धत, साधी साधनं आणि दुसरा माणूस आधी, सूट त्यानंतर. सूट कामाच्या ठिकाणी हवा असेल तर खर्च मालकाचा आणि निवड तुमच्या अंगावर घालून पाहिल्यावरच. ते का आणि कसं, हे आता टप्प्याटप्प्याने पाहू.

आधी गल्लत दूर करा: या तीन वेगळ्या वस्तू आहेत

1. कंबरपट्टा. औषधांच्या दुकानात मिळणारा, पोटाभोवती घट्ट बांधायचा पट्टा. डॉक्टरांनी दुखण्यावर दिला असेल तर तो जरूर वापरा. पण धडधाकट माणसाने तो बांधून वजन उचललं की इजा टळते, याला पुरेसा पुरावा नाही, असं अमेरिकेच्या ‘निऑश’ या कामगार-आरोग्य संस्थेने १९९४ मध्येच सांगितलं. पट्टा बांधला म्हणून जास्त वजन उचलू नका.

2. रुग्णाने घालायचा सूट. पक्षाघात किंवा मज्जारज्जूची इजा झालेल्यांना पुन्हा चालायला शिकवणारं यंत्र. बेंगळुरूची ‘बायॉनिक यंत्र’ ही कंपनी अशा यंत्रावर काम करते. ते फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली वापरायचं असतं. त्याचा तुमच्या कंबरेशी संबंध नाही.

3. सेवा करणाऱ्याने घालायचा सूट. याला एक्सोस्केलेटन म्हणतात. हा लेख याच सूटबद्दल आहे. त्याचे दोन प्रकार आहेत:
   - बिनबॅटरीचा: स्प्रिंग, लवचिक पट्टे किंवा हवेचा दाब यांवर चालणारा. नेदरलँड्सचा ‘लेव्हो’, जर्मनीच्या ‘ऑटोबॉक’चा ‘पेक्सो बॅक’ आणि जपानच्या ‘इनोफिस’चा ‘मसल सूट’ ही याची उदाहरणं.
   - बॅटरीचा: मोटर आणि सेन्सर असलेला. जपानच्या ‘सायबरडाइन’चा ‘हाल’ हा प्रसिद्ध आहे. त्सुकुबा विद्यापीठातले प्रा. योशियुकी सांकाई यांनी तो घडवला. स्नायूंना हालचालीचा आदेश मिळताना कातडीवर उमटणारे सूक्ष्म विद्युत संकेत टिपून तो कंबरेला जोर देतो.

सूट नेमकं काय करतो

तुम्ही वाकून १० किलोचं वजन अंगापासून हातभर, म्हणजे साधारण ५० सेंटिमीटर, लांब धरलंत, तर ते तोलायला कंबरेच्या स्नायूंना जवळजवळ १०० किलोचा जोर लावावा लागतो. कारण हे स्नायू मणक्यापासून जेमतेम पाच सेंटिमीटरवर असतात. यात तुमच्या स्वतःच्या धडाचं वजन धरलेलंच नाही. बिनबॅटरीचा सूट तुम्ही वाकताना ताणला जातो आणि उठताना तो ताण परत देतो, दार आपोआप लावून घेणाऱ्या स्प्रिंगसारखा. त्यामुळे पाठीच्या स्नायूंचा काही भार छातीवर आणि मांड्यांवर जातो.

प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत अशा सूटमुळे वाकण्याच्या कामात पाठीच्या स्नायूंचा ताण साधारण १० ते ४० टक्के कमी झालेला दिसला आहे. मात्र वर्षानुवर्षं सूट घालून कंबरेच्या इजा कमी होतात, हे अजून पक्कं सिद्ध झालेलं नाही. ‘कंबरदुखी कायमची बंद’ असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

कोणत्या कामात उपयोग, कोणत्या कामात नाही

उपयोग होतो:
- वाकलेल्या अवस्थेत बराच वेळ करायच्या कामात: अंग पुसणं, डायपर बदलणं, जखमेची पट्टी, पलंग घालणं.
- एकामागून एक रुग्णांना कुशीवर वळवताना.

उपयोग फारसा होत नाही:
- कंबरेतून वळून ओढताना, एका अंगावर भार घेताना.
- खांदा, मान किंवा मनगट दुखत असेल तर.
- अरुंद न्हाणीघरात, जिन्यावर, किंवा सारखं उठणं-बसणं-चालणं असलेल्या कामात.
- घसरणाऱ्या रुग्णाला सावरताना. रुग्ण पडू लागला तर सूट तुमच्या मदतीला येत नाही.

फ्रान्समधल्या नॅन्सी शहरातला अनुभव इथे शिकण्यासारखा आहे. २०२० मध्ये कोविडच्या पहिल्या लाटेत तिथल्या विद्यापीठ रुग्णालयात अतिदक्षता विभागातल्या रुग्णांना पालथं करण्याचं काम दिवसभर चाले. इन्रिया या संशोधन संस्थेच्या मदतीने तिथल्या लोकांनी वेगवेगळे सूट घालून पाहिले आणि ‘लेव्हो’ निवडला. काम एकच आणि ठरलेलं होतं. ज्यांनी सूट घालायचा त्यांनीच निवड केली. आणि सूट आला म्हणून रुग्णाला पालथं करणारी चमू मोडली नाही.

सूटच्या आधी करायच्या गोष्टी

ज्या जपानमधून हे व्हिडिओ येतात, तिथल्या आरोग्य व कामगार मंत्रालयाने २०१३ मध्ये कंबरदुखी रोखण्याची मार्गदर्शक सूचना सुधारली. काळजीच्या कामात माणसाला हातांनी उचलायचंच नाही, हे तत्त्व त्यात आहे. हाताने उचलायच्या वजनाची मर्यादाही आहे: पुरुषांना स्वतःच्या वजनाच्या ४० टक्के, स्त्रियांना त्या मर्यादेच्या ६० टक्के. म्हणजे ५० किलोच्या बाईला १२ किलो. अमेरिकेत निऑशच्या टॉम वॉटर्स यांनी २००७ मध्ये रुग्ण हाताळताना ३५ पौंड, म्हणजे सुमारे १६ किलो, ही वरची मर्यादा सुचवली. ६० किलोच्या माणसाचा नुसता एक पाय १० किलोच्या आसपास भरतो. अख्खा माणूस एकट्याने उचलणं कोणत्याच हिशेबात बसत नाही.

म्हणून आधी हे करा:

1. पलंगाची उंची वाढवा. रुग्ण पूर्ण अंथरुणावरच असेल तर गादी तुमच्या कंबरेपर्यंत हवी. घरी पलंगाच्या पायांखाली खाच असलेले भक्कम लाकडी ठोकळे ठेवता येतात. पण रुग्ण स्वतः उठून बसत असेल तर त्याचे पाय जमिनीला टेकले पाहिजेत. तिथे पलंग उंच करू नका.
2. उचलू नका, सरकवा. रुग्णाच्या खांद्यापासून मांडीपर्यंत ड्रॉ शीट, म्हणजे आडवी घातलेली चादर, ठेवा आणि दोघांनी दोन बाजूंनी ती धरून सरकवा. गुळगुळीत नायलॉनची स्लाइड शीट मिळाली तर जोर आणखी कमी लागतो. मॅकिन्टॉशवरून, म्हणजे रबरी चादरीवरून, थेट ओढू नका. कातडी सोलली जाते आणि तुमचा जोरही जास्त लागतो.
3. ट्रान्स्फर बेल्ट घ्या. हा रुग्णाच्या कंबरेला बांधायचा, मुठी असलेला पट्टा असतो. पकड रुग्णाच्या हाताला किंवा काखेला न बसता कंबरेला बसते.
4. कमोड खुर्ची आणा. न्हाणीघरापर्यंतच्या रोजच्या फेऱ्या वाचल्या की उचलण्याचे प्रसंगच कमी होतात.
5. पेशंट लिफ्टची चौकशी करा. झोळी आणि हाताने चालवायचा हायड्रॉलिक दांडा असलेलं हे यंत्र भाड्यानेही मिळतं. उभं राहू न शकणाऱ्या रुग्णासाठी सूटपेक्षा याचा उपयोग कितीतरी जास्त.
6. दुसऱ्या माणसाची वेळ ठरवा. शेजारच्या घरातल्या कोणाला सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटांसाठी सांगून ठेवा. वळवणं, चादर बदलणं, वर सरकवणं ही जड कामं त्या वेळेतच उरका.

पलंगावरून खुर्चीत: हे एवढं नीट करा

कंबर सर्वांत जास्त जाते ती इथे. म्हणून ही क्रिया बारकाईने पाहा.

- चाकाची खुर्ची रुग्णाच्या सबळ बाजूला, पलंगाशी तिरकी लावा. ब्रेक लावा. पायटेक वर करा.
- रुग्णाला काय करणार ते सांगा. कुशीवर वळवून पाय खाली सोडा, बसवा आणि मिनिटभर थांबा. एकदम उठवलं तर चक्कर येते.
- रुग्णाची पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे, जमिनीवर सपाट टेकवा.
- गळ्याला मिठी मारू देऊ नका. रुग्ण घाबरला की मिठी घट्ट होते आणि त्याचं सगळं वजन तुमच्या मानेवर लोंबकळतं. त्याला हात गादीवर दाबायला किंवा खुर्चीचा दांडा धरायला सांगा.
- काखेत हात घालून ओढू नका. पक्षाघात झालेल्या बाजूचा खांदा निखळू शकतो.
- तुमचा एक पाय पुढे, एक मागे. गुडघे वाकवा, ट्रान्स्फर बेल्ट धरा. ‘एक, दोन, तीन’ म्हणून रुग्णाला आधी पुढे झुकवा, मग उभं करा.
- कंबरेतून वळू नका. छोटी पावलं टाकत अख्खे वळा.
- रुग्णाच्या पायात भार घेण्याचं बळ नसेल तर इथेच थांबा. चादर आणि दुसरा माणूस, किंवा लिफ्ट. एकट्याने नाही.

सूट कोणी घालू नये

पुढीलपैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सूट अंगाला लावू नका:
- गरोदरपण किंवा नुकतंच बाळंतपण
- हर्निया, पोटाची किंवा मणक्याची अलीकडची शस्त्रक्रिया
- कंबरेची कळ पायात उतरणं, पायाला मुंग्या, बधिरपणा
- छातीवर, कंबरेवर, मांडीवर जखम किंवा पुरळ
- पेसमेकर, विशेषतः बॅटरीच्या सूटबाबत

पायातली ताकद अचानक कमी झाली, किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटू लागला, तर सूट, पट्टा, मालिश सगळं बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

चाचणी कशी घ्याल

विक्रेता दुकानात पाच मिनिटं सूट घालून दाखवतो. तेवढ्यावर ठरवू नका. सूट निदान दोन आठवडे प्रत्यक्ष पाळीवर वापरायला मागा. पहिल्या दिवशी अर्धा तास, मग हळूहळू वेळ वाढवा. चाचणीत ज्यांनी सूट घालायचा आहे ती माणसं हवीत. त्यात बुटक्या, उंच, सडपातळ, स्थूल अशा सगळ्या अंगकाठीच्या स्त्रिया असाव्यात. रोज हे तपासा:

- घालायला आणि काढायला किती वेळ लागतो? मदतीशिवाय जमतं का?
- छातीवरची पट्टी स्त्रियांना टोचते का? मांडीचे पट्टे साडीवर, पंजाबी ड्रेसवर, अॅप्रनवर बसतात का?
- लघवीला जाताना सगळा काढावा लागतो का? लागत असेल तर माणसं पाणी प्यायचं टाळू लागतात, आणि ते वाईट.
- पलंगाच्या कठड्यात, सलाइनच्या नळीत, कॅथेटरच्या पिशवीत सूटचा भाग अडकतो का?
- रुग्णाच्या अंगाला कडक भाग लागतो का? वृद्धांची कातडी पातळ असते, लगेच सोलते.
- अचानक छातीवर दाब देऊन हृदय चालू करायची वेळ आली तर सूट आड येतो का?
- पाळी संपल्यावर कुठे दुखतं? कंबर हलकी झाली पण गुडघे, छाती, खांदे दुखू लागले असतील तर ते लिहून ठेवा.

उत्तनच्या हवेचा विचार

हे सूट बहुतेक थंड हवेच्या देशांत घडले आहेत. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पंख्याखालीही घाम निथळतो. साधारण तीन-चार किलोचा साचा अंगाला घट्ट बांधला की उष्णता वाढते, घामोळं येतं. म्हणून चाचणी हिवाळ्यात उरकू नका, उकाड्यातही घ्या.

किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेने लोखंड आणि स्प्रिंग गंजतात. त्यात रुग्णालयात पुसायला वापरलं जाणारं हायपोक्लोराइट धातू खातं. म्हणून विचारा: धातूचे भाग गंजरोधक आहेत का? कापडी आवरणं काढून धुता येतात का? जादा जोड मिळतो का? कोणत्या जंतुनाशकाने पुसायचं, हे कंपनीने लेखी द्यावं. एकाच सूटची आवरणं न धुता तो दुसऱ्याच्या अंगावर जाऊ देऊ नका. आणि वेल्क्रोत अडकलेली घाण एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाते, हे विसरू नका.

खरेदी करताना

- किंमत: इनोफिसचा ‘मसल सूट एव्हरी’ २०१९ मध्ये जपानच्या बाजारात आला तो सुमारे दीड लाख येनना. आयात शुल्क, वाहतूक आणि विक्रेत्याचा नफा त्यावर चढतो. बॅटरीचे सूट याहून खूप महाग. एका घराने आपल्या एका रुग्णासाठी एवढा खर्च करावा, असा माझा सल्ला नाही. त्या पैशांत ट्रान्स्फर बेल्ट, स्लाइड शीट, कमोड खुर्ची येऊन वर काही महिने लिफ्टचं भाडं निघेल.
- मानक: अंगावर घालायच्या यंत्रांसह वैयक्तिक सेवा-यंत्रमानवांच्या सुरक्षिततेसाठी आयएसओ १३४८२ हे आंतरराष्ट्रीय मानक २०१४ मध्ये आलं. बॅटरीच्या सूटचं त्यानुसार प्रमाणपत्र मागा.
- दावा: विक्रेता ‘यामुळे स्लिप डिस्क बरी होते’ म्हणत असेल तर तो उपचाराचा दावा झाला. मग वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ नुसार परवाना दाखवा, असं सांगा.
- कागद: पक्कं बिल, हमीपत्र, सुटे भाग कुठे मिळतील त्याचा पत्ता आणि मराठी किंवा हिंदीतली वापरपुस्तिका हवीच.
- फसवणूक झाली तर: राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दोन वर्षांच्या आत करता येते.

पैसे आणि हक्क: तुम्ही कुठे काम करता त्यावर

*रुग्णालय, नर्सिंग होम, वृद्धाश्रम:* व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. साधारणपणे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना ती लागू होते. तिच्यानुसार:
- कामाची जागा धोक्यापासून मुक्त ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे.
- सुरक्षिततेसाठी दिलेल्या साधनांचे पैसे कामगाराकडून घेता येत नाहीत. सूट, बेल्ट, लिफ्ट दिली म्हणून पगारातून कपात होत असेल तर लेखी हरकत घ्या.
- कामातल्या धोक्याची माहिती मागण्याचा तुम्हाला अधिकार आहे. गंभीर इजेची भीती वाटत असेल तर ते मालकाच्या निदर्शनास आणा, आणि ते लेखीच आणा.

महाराष्ट्रातल्या नियमांची ताजी स्थिती ठाण्याच्या कामगार कार्यालयात विचारा.

*पगार दरमहा २१ हजारांच्या आत आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल तर:* कामावर झालेल्या इजेचे उपचार मिळतातच, शिवाय तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात वेतनाच्या ९० टक्के दराने भत्ता मिळतो. ईएसआय नसेल तर नुकसानभरपाईचा दावा सर्वसाधारणपणे दोन वर्षांत करावा लागतो.

*घरी जाऊन सेवा करणाऱ्या ताई-दादा:* वरची संहिता तुमच्या कामाला सहसा पोहोचत नाही. म्हणून महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळात आणि ई-श्रम पोर्टलवर (हेल्पलाइन १४४३४) नोंदणीची चौकशी करा. ब्यूरोशी काम ठरवतानाच लिहून घ्या: रुग्णाचं वजन किती, तो उभा राहतो का, घरात मदतीला कोण, पलंग कसा. उभं राहता न येणारा रुग्ण एकटीने उचलणार नाही, हे पहिल्या दिवशीच शांतपणे सांगा.

*घरच्यांसाठी:* मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षं पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना साधनांसाठी एकदाच ३,००० रुपयांची मदत आहे. कमोड खुर्ची, व्हीलचेअर, वॉकर यांचा त्यात समावेश आहे. सध्या अर्ज घेतले जातात का, ते समाजकल्याण कार्यालयात विचारा. ज्येष्ठांसंबंधी इतर मदतीसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे.

इजा झाली तर लगेच काय कराल

1. कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या रुग्णाला हलवताना कळ आली, हे त्याच दिवशी लिहा.
2. पर्यवेक्षकाला लेखी कळवा, प्रत ठेवा. अपघात-नोंदवहीत नोंद करवून घ्या.
3. डॉक्टरांना ‘काम करताना झालं’ हे स्पष्ट सांगा. केसपेपरवर ते उमटलं पाहिजे.

कंबर हळूहळू झिजते आणि मग ‘हे कामामुळे नाही’ म्हणणं मालकाला सोपं जातं. तेव्हा हा कागदच तुमच्या बाजूने बोलतो.

व्यवस्थापकांना दोन शब्द

उत्तनच्या केशवसृष्टीत वृद्धाश्रम आहे, मीरा-भाईंदरमध्ये लहानमोठी नर्सिंग होम आहेत. अशा कोणत्याही संस्थेत सूट आणायचा विचार झाला, तर तो मावशी आणि वॉर्डबॉय यांना विचारून व्हावा. सूट घालणं ऐच्छिक ठेवा. बॅटरीच्या सूटमध्ये कोणी किती वाकलं याची नोंद होत असेल, तर ती माहिती पगार किंवा शिक्षेसाठी वापरणार नाही, हे लिहून द्या. आणि सूट आला म्हणून पाळीवरचा दुसरा माणूस कधीही कमी करू नका. स्नायूंवरचा थोडा भार कमी करणं एवढंच त्याचं काम. दुसऱ्या माणसाचे डोळे आणि हात तो देऊ शकत नाही.

सेवा करणाऱ्या प्रत्येकाला माझी एकच विनंती आहे. उद्यापासून एकट्याने उचलणं थांबवा, आणि मदत मागायला संकोच करू नका. तुमची कंबर शाबूत राहिली तरच तुमच्या रुग्णाची सेवा होणार आहे.